गळकी टाकी: बोटीच्या पोटातली डिझेल टाकी दुरुस्त करताना

माझी बोट बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी असते. फायबरची, आत डिझेल इंजिन आणि मागच्या फळ्यांखाली कायमची बसवलेली १२० लिटरची लोखंडी टाकी. हंगामात वासोट्याला जाणारी माणसं ने-आण करायची आणि पावसाळ्यात बंद. एका मार्चमध्ये पहाटे बोटीजवळ पाण्यावर रंगीत तवंग दिसला. इंजिनाचं ऑईल असेल म्हणून मी आठ दिवस दुर्लक्ष केलं. ते डिझेल होतं. त्या आठ दिवसांत किती शिवसागरात गेलं असेल याचा हिशेब आजही मनातून जात नाही. या पाण्याकाठची गावं हेच पाणी वापरतात. इथलं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजघराकडे जातं आणि धरणाखाली कोयनेतून कऱ्हाडला कृष्णेला मिळून पुढे सांगलीकडे जातं.

पुढे टाकी बाहेर काढून काम पुरं व्हायला मला सव्वा महिना लागला. त्यातले निम्मे दिवस चुकीच्या गोष्टी करण्यात गेले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून जे केलं आणि जे करायला नको होतं ते क्रमाने लिहितो. हे सगळं डिझेल टाकीसाठी आहे.

पेट्रोलवाल्यांनी इथेच थांबा

बोट पेट्रोलवर चालत असेल आणि टाकी आत बसवलेली असेल, तर पुढचं माहितीसाठी वाचा, पण हात लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते. हवेत दीड टक्क्याच्याही आत वाफ असली तरी ठिणगीला पेट घेते. वास आला की माणसं उतरवा आणि फळ्या उघडून हवा खेळू द्या. आतलं कुठलंही बटण दाबू नका, पंखा किंवा पंपसुद्धा नाही, कारण बटणाची ठिणगी पुरते. पुढचं काम जाणकार माणसाकडून करून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या फायबरच्या टाक्या आणि जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, त्यामुळे जुन्या पेट्रोल बोटींनी गळती नसली तरी एकदा पाइप बघून घ्यावेत.

१. आज, आत्ता काय करायचं

गळती कळली की सगळ्यात आधी बोटीच्या तळातलं पाणी फेकणाऱ्या पंपाचा आपोआप चालणारा स्विच बंद करा. माझ्याकडून हीच चूक झाली. टाकीतलं डिझेल तळात उतरत होतं आणि पंप इमानाने ते तलावात फेकत होता. पंप बंद केल्यावर तळात डिझेल साचतं, पण ते बोटीतच राहतं आणि फडक्याने, भुशाने टिपून घेता येतं. लाकडाचा भुसा चांगला शोषतो. सॉ मिलमधून पोतंभर आणून ठेवा. पंप बंद असताना बोटीत पाणी शिरत नाही ना, हे मात्र रोज जाऊन बघा.

डिशवॉशचा साबण टाकून तवंग "घालवू" नका. तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल पाण्यात मिसळून खाली जातं आणि मासळीला जास्त बाधतं.

दुसरं म्हणजे आग. "डिझेल पेटत नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकात किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला आहे, म्हणजे त्या तापमानाच्या पुढे त्यातून पेटण्याजोगी वाफ निघू शकते. मे महिन्यात दुपारी फळ्यांखाली, गरम इंजिनाशेजारी किती तापतं याचा विचार करा. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेटत्या डिझेलवर पाणी ओतायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते.

२. खरंच टाकी गळतेय का?

इथे घाई करू नका. टाकी गळतेय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा टाकी धड असते. गळत असतो पाइप, क्लिप, तोंडाकडचा रबरी होज, गेजखालचं पॅकिंग किंवा इंजिनातून टाकीत परतणारी लाइन. टाकी काढणं म्हणजे फळ्या कापणं, तेव्हा आधी स्वस्तातलं तपासा.

भरल्यानंतरच वास येतो आणि दोन दिवसांनी जातो, तर दोष वरच्या बाजूला असतो: तोंडाचा होज, व्हेंट (टाकीत हवा ये-जा करायची नळी), गेजचं पॅकिंग. फक्त इंजिन चालू असताना ओल दिसते, तर लाइन, पंप किंवा परतीची नळी बघा. इंजिन बंद, बोट उभी, तरीही पातळी उतरतेय तर संशय टाकीवर.

याची खात्री काडीने करायची. टाकी अर्ध्याच्या वर भरा, इंजिनकडचे दोन्ही कॉक (जाणाऱ्या आणि परतीच्या लाइनचे) बंद करा. स्वच्छ पट्टी टाकीत बुडवून खूण करा. दोन दिवसांनी त्याच वेळी परत मोजा. "त्याच वेळी" हे महत्त्वाचं, कारण डिझेल उन्हात फुगतं. शंभर लिटर डिझेल दहा अंशांनी तापलं तर पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. मी पहिल्यांदा दुपारी आणि मग पहाटे मोजलं, फरक पाहून घाबरलो. त्यातला बराचसा फरक नुसत्या थंडाव्याचा होता.

माझी टाकी १ मीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. म्हणजे पट्टीवर १ सेंटिमीटर उतरला की ४ लिटर गेले. तुमच्या टाकीचा असा हिशेब आधीच मांडून ठेवा. टाकी तळाला V आकाराची असेल तर खाली एवढंच अंतर उतरलं तरी कमी लिटर धरावे लागतात.

पातळी उतरत उतरत एका ठिकाणी थांबली, तर भोक त्याच उंचीवर आहे. थांबतच नसेल तर तळाला आहे.

नेमकी जागा दिसत नसेल तर जिथवर हात पोचतो तिथवर टाकी कोरड्या फडक्याने पुसा आणि पांढरी रांगोळी किंवा खडूची पूड भुरभुरवा. तासाभरात डिझेलची वाट पुडीवर गडद रेघ होऊन दिसते. रेघेचं वरचं टोक बघा, खालचं नाही. थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं, तो कडेकडेने वाहत येतो.

तरीही शंका राहिली तर टाकीची लाइन सोडवून इंजिन एक दिवस कॅनवर चालवा, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा.

३. सामान आणि कागद

सामान फार लागत नाही, पण तलावाकाठी एक गोष्ट विसरली की साताऱ्याची फेरी पडते. हाताने फिरवायचा बॅरल पंप, झाकणाचे घट्ट कॅन किंवा बॅरल, नायट्राइल हातमोजे (साधे रबरी डिझेलमध्ये फुगतात), डोळ्यांचा चष्मा, फायबर कापताना लावायचा धुळीचा मास्क, बॅटरीवरची टॉर्च, गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप पाच मीटर, डिझेलला चालणारा नवा होज, स्टेनलेसच्या क्लिप आणि दोन नवे डिझेल फिल्टर. जुना होज परत वापरायचा विचारही करू नका.

कागदांत बोटीचं नोंदणी प्रमाणपत्र, सर्व्हेचं प्रमाणपत्र आणि विमा पॉलिसी. आतल्या पाण्यातल्या बोटींसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता इनलँड व्हेसल्स अॅक्ट, २०२१ आहे. प्रवासी नेणारी बोट असेल आणि टाकीची जागा किंवा क्षमता बदलणार असाल, तर काम सुरू करण्याआधी सर्व्हेअरला विचारा. काम झाल्यावर विचारलं तर झाकलेल्या फळ्या परत उघडाव्या लागतात. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. विम्यासाठी आणि सर्व्हेसाठी ते उपयोगी पडतातच, शिवाय पाइप परत जोडताना कुठला कुठे होता ते त्यातच सापडतं.

४. काम कधी आणि कुठे करायचं

एप्रिल-मे बरा. पाणी खाली गेलेलं असतं, बोट काठावर ओढता येते, हवा कोरडी असते. जूननंतर आपल्याकडच्या पावसात फायबरचं रेझिन नीट बसत नाही, चिकट राहतं.

पण यात एक सापळा आहे. मे महिन्यात पाण्याच्या कडेला ओढलेली बोट जुलैत पाण्याखाली असते. कोयनेचं पाणी चढायला लागलं की रात्रीत काठ बदलतो. टाकी काढलेली, फळ्या उघड्या, आणि बोटीखाली पाणी आलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून काम लांबणार असेल तर बोट भरल्या तलावाच्या खुणेच्या वर घ्या. मी ट्रॅक्टर लावून वर घेतली, आणि त्याच खर्चाची मला सर्वांत जास्त परतफेड मिळाली.

५. टाकी रिकामी करणं

तोंडाने नळी ओढून डिझेल काढू नका. आपल्याकडे ट्रॅक्टरवाल्यांपासून सगळे हे करतात आणि मीही वर्षानुवर्षं केलं. डिझेल पोटात गेलं तर त्रास होतो, पण श्वासनलिकेत घोटभर गेलं तर फुप्फुसं सुजतात आणि जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, उलटीतूनच ते फुप्फुसात जातं. थेट दवाखान्यात न्या. दीड-दोन हजारांत हातपंप येतो, तो घ्या.

कॅन जमिनीवर ठेवून भरा. काढलेलं डिझेल बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. खाली पाण्याचा थर बसला असेल तर टाकीत पाणी होतं. पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये काळपट, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर त्यात जीवजंतू वाढलेत. ते पाणी-डिझेलच्या सीमेवर जगतात, आम्ल सोडतात आणि टाकीचा तळ आतून खातात. माझ्या बाटलीत दोन्ही होतं. त्या बाटलीनेच मला भोकाचं कारण सांगितलं.

गाळाचं डिझेल आणि भिजलेला भुसा काठावर खड्डा करून पुरायचा नाही. जुनं ऑईल घेणाऱ्या अधिकृत माणसापर्यंत गॅरेजमार्फत पोचवा.

६. टाकीपर्यंत पोचणं

बहुतेक बोटींत आधी टाकी बसवतात आणि वरून फळी किंवा फायबरचा डेक चढवतात. काढायचा रस्ताच ठेवलेला नसतो. आधी नीट हात फिरवून बघा, गालिच्याखाली किंवा रंगाखाली स्क्रू लपलेले असतात. मला दोन ओळी तशा सापडल्या.

कापावंच लागलं तर टाकी रिकामी करून, तिच्यात पाणी भरून मग कापा. डेक आणि टाकीत कधीकधी बोटभरही जागा नसते. पात्याची खोली डेकच्या जाडीएवढीच लावा. कोपरे गोल कापा, काटकोनातून पुढे तडा जातो. कापलेला तुकडा फेकू नका, त्याचंच झाकण करून पट्टी आणि पॅकिंगवर बसवा. पुढच्या वेळी कापावं लागणार नाही.

टाकी कापलेल्या जागेतूनही बाहेर येत नसेल, तर तीच टाकी तुकडे करून काढायची आणि जागी दोन लहान टाक्या बसवायच्या, हा मार्ग वाईट नाही. दोन टाक्यांमध्ये कॉक ठेवला तर एकीत पाणी गेलं तरी दुसरीवर घरी येता येतं.

७. भोक का पडलं, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

माझी टाकी बाहेर काढल्यावर मागच्या खालच्या कोपऱ्यात एक भोक दिसलं, टाचणीच्या डोक्याएवढं. मी खूश झालो. सोबतच्या मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आजूबाजूचा गंज खरवडला आणि आणखी सात भोकं पडली. पत्रा तिथे कागदासारखा झाला होता. गंजलेल्या टाकीला एकच भोक कधी नसतं.

कारणं दोन्हीकडून होती. आतून: टाकी नेहमी निम्मी रिकामी असायची. हिवाळ्यात पहाटे तलावावर धुकं असतं, टाकीतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि खाली जाऊन बसते. बाहेरून: टाकी प्लायवर गालिचाचा तुकडा घालून ठेवली होती. तळातलं पाणी वाहून जायचं भोक गाळाने बुजलेलं, त्यामुळे पावसाळाभर तो गालिचा ओला आणि टाकी त्यावर बसलेली. टाकी कितीही नवी आणली असती तरी त्या गालिच्यावर परत तेच झालं असतं.

अॅल्युमिनियमची टाकी असेल तर ती फोम किंवा ओल्या लाकडाला टेकलेल्या जागी बघा. हवा न लागलेल्या ओल्या फटीत अॅल्युमिनियम खड्डे पडून सडतं, पांढरी पावडर दिसते. पितळी फिटिंग थेट अॅल्युमिनियममध्ये घातलं असेल तर त्याच्या भोवतीही तेच. स्टेनलेसमध्ये वेल्डच्या कडेला बघा. प्लास्टिकच्या टाकीला घासून भोक पडलं असेल तर ती सरळ बदला, त्या प्लास्टिकला एपॉक्सी धरत नाही.

फायबरची टाकी बोटीच्या तळाबरोबरच घडवलेली असेल तर तडा बहुधा कोपऱ्यात असतो. बाहेरून थर चढवून भागत नाही. डिझेल फायबरमध्ये मुरतं आणि मुरलेल्या फायबरला नवं रेझिन चिकटत नाही. वरून तपासणीचं झाकण कापून आतून खरं कोरडं फायबर लागेपर्यंत घासावं लागतं आणि मग एपॉक्सीने ग्लासचे थर. हे सवय असलेल्या फायबरवाल्यालाच द्या.

८. डागडुजी, वेल्डिंग की नवी टाकी

साबण, एम-सील, अॅराल्डाइट. ट्रकवाले भोकावर कपड्याचा साबण घासतात आणि ते काम करतं, कारण साबण डिझेलमध्ये विरघळत नाही. पण ते बोट काठावर येईपर्यंतच. मी एम-सीलवर अकरा दिवस काढले आणि बाराव्या दिवशी शेजारून गळायला लागलं. बोटीत माणसं बसतात, तेव्हा असं करू नका.

मोटरसायकलच्या टाकीत ओततात तसं आतून अस्तर लावायचं औषध मिळतं. बोटीच्या टाकीत डिझेल उसळू नये म्हणून पत्र्याचे आडवे पडदे असतात, त्यांच्या मागे ते पोचलं की नाही दिसत नाही. मला त्याचा भरवसा नाही.

वेल्डिंग तेव्हाच, जेव्हा भोक एखाद्या ठोक्याने किंवा वेल्ड उकलल्याने पडलंय आणि आजूबाजूचा पत्रा जाड आहे. आणि वेल्डिंग करायचंच असेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. डिझेलची सुद्धा. कोपऱ्यात, पडद्यांमागे, गंजाच्या पापुद्र्याखाली डिझेल राहतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि टाकी फुटते. एका वर्कशॉपमध्ये मला सांगितलं गेलं, "आवो दादा, डिझेल हाय, त्याला काय हुतंय? आनू द्या, मारतो टाका." मी टाकी परत टेम्पोत चढवली. तुम्हीही तेच करा, त्यात कुणाचा अपमान नाही. सगळी फिटिंग काढून गरम पाणी आणि डिटर्जंटने वारंवार धुणं, वाफेने धुणं, मग वेल्डची जागा वर येईल अशी टाकी ठेवून तिथवर पाणी भरणं, राहिलेल्या जागेत आर्गनसारखा निष्क्रिय वायू सोडणं, तोंडं उघडी ठेवणं आणि गॅस मीटरने तपासणं: एवढं करणारा माणूस शोधा. रॉकेलने धुतलेली टाकी स्वच्छ नसते. आणि अॅल्युमिनियमची टाकी कॉस्टिक सोड्याने धुऊ नका. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो.

मी नवी टाकी बनवली. प्रवासी बोटीसाठी माझं मत तेच आहे. नव्या पत्र्यात वाफेचा धोका नाही, आणि मजुरीत फार फरक पडत नाही.

९. फॅब्रिकेटरला काय सांगायचं

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत टाक्या करणारे चांगले कारागीर आहेत, पण बहुतेकांनी पाण्याच्या किंवा जनरेटरच्या टाक्या केलेल्या असतात. बोटीची टाकी सतत हलते. त्यामुळे कागदावर माप काढून पुढच्या गोष्टी लिहून द्या.

पत्रा: गॅल्वनाइज्ड नको. स्वस्त आणि गंजत नाही म्हणून तोच सुचवतात. जस्ताची डिझेलशी क्रिया होते, त्यातून चिकट साका तयार होतो आणि फिल्टर तुंबतात. लोखंडी असेल तर ३ मिलिमीटर, बाहेरून एपॉक्सी प्रायमर आणि रंग, आतून काहीही नाही. अॅल्युमिनियम असेल तर ५०५२ किंवा ५०८३ ग्रेड, ४ मिलिमीटर किंवा जास्त, आर्गन वेल्डिंगने. भांड्याचं अॅल्युमिनियम चालत नाही. पत्र्याचं बिल आणि ग्रेडचा कागद मागून घ्या.

दर किलोवर सांगतात, तेव्हा वजन आपल्याला माहीत हवं. माझ्या मापाच्या टाकीला साधारण १.६४ चौरस मीटर पत्रा लागतो. लोखंडात ३ मिलिमीटरला सुमारे ३९ किलो, अॅल्युमिनियममध्ये ४ मिलिमीटरला सुमारे साडेसतरा किलो, पडदे वेगळे. मी अॅल्युमिनियम घेतलं.

आत मधोमध निदान एक आडवा पडदा, त्याचे खालचे-वरचे कोपरे कापलेले, म्हणजे डिझेल आणि हवा दोन्ही जातात. सगळे पाइप वरच्या बाजूने. ओढणाऱ्या नळीचं टोक तळापासून इंचभर वर, म्हणजे तळातलं पाणी इंजिनात जात नाही. हात जाईल एवढं तपासणीचं झाकण वर ठेवा. जुन्या टाकीला ते असतं तर मला तळाचा गाळ तीन वर्षं आधी दिसला असता.

१०. दाबाची तपासणी, गवंड्याच्या पाइपने

नवी टाकी आहे म्हणून तपासणी सोडू नका. आणि वर्कशॉपचा कॉम्प्रेसर थेट लावू देऊ नका. १ मीटर बाय ४० सेंटिमीटरच्या सपाट पत्र्यावर ७ बार दाब आला तर जोर सुमारे २८ टन होतो. टाकी फुटते आणि पत्रा माणसात घुसतो.

त्याऐवजी लेव्हल पाइप U आकारात भिंतीला बांधा, त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक टाकीच्या एका तोंडाला जोडा, दुसरं उघडं. बाकी सगळी तोंडं बंद. सायकलच्या हातपंपाने हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १ मीटर फरक पडला की दाब होतो ०.१ बार. एवढ्यालाही त्या पत्र्यावर ४०० किलोचा जोर असतो. नव्या टाकीला २ मीटरपर्यंत न्यायला हरकत नाही, जुन्या टाकीला १ मीटर पुरे. दाब जास्त झाला तर पाणी उघड्या टोकातून उडतं, टाकीला काही होत नाही. म्हणून मला हा उपाय दाबाच्या गेजपेक्षा आवडतो.

साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या वेल्डवर आणि फिटिंगवर लावा, बुडबुडे बघा. मग अर्धा तास सोडा. हे सावलीत करा. आतली हवा १ अंशाने तापली तरी पाणी तीन-साडेतीन सेंटिमीटर सरकतं आणि गळती असेल तर ती झाकली जाते. माझ्या नव्या टाकीत गेजच्या तोंडाशी बुडबुडे आले. बोटीत बसवल्यावर ते सापडलं असतं तर फळ्या परत उघडाव्या लागल्या असत्या.

११. बसवणं आणि पहिलं डिझेल

टाकी सपाट फळीवर टेकवू नका. निओप्रीनच्या (एक प्रकारच्या रबराच्या) पट्ट्या टाकीच्या तळाला चिकटवा, त्यांच्यावर टाकी ठेवा. खालून हवा आणि पाणी जायला वाट राहिली पाहिजे. गालिचा, गोणपाट, थर्मोकोल काही नाही. पट्टे घट्ट, त्यांच्या खालीही निओप्रीन. शंभर लिटर डिझेल म्हणजे ८३ किलोच्या आसपास, ते लाटेत उसळतं. तळाचं पाणी जायचं भोक तार घालून मोकळं करा. प्रत्येक होजला जिथे जागा असेल तिथे दोन क्लिप. व्हेंटचं तोंड पावसाचं पाणी आत येणार नाही असं खाली वळवा.

भरताना एकदम काठोकाठ नाही. आधी पाव, तासभर थांबून फडक्याने पुसून बघा. मग निम्मी, मग पूर्ण, पण फुगायला वर थोडी जागा ठेवून. झाकणाच्या फळ्या त्यानंतरच बसवा. फिल्टर बदला, लाइनमधली एअर काढा. पहिल्या दहा तासांनी दुसरा फिल्टर घाला, कारण नव्या टाकीतला वेल्डचा कचरा पहिल्यात येतो.

पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी काडी घालून पातळी वहीत लिहिली आणि फळीखाली पांढरा कागद ठेवला. आता हंगामात आठवड्यातून एकदा. पावसाळ्यासाठी बोट वर घेताना टाकी भरून ठेवतो, आणि ऑक्टोबरमध्ये इंजिन चालू करण्याआधी तपासणीच्या झाकणातून तळाचं कपभर डिझेल पंपाने काढून बाटलीत घालतो आणि सकाळपर्यंत तशीच ठेवतो.